वासराचा रकाना



बाहेर विषयाची पाटी वाचून एक-दोघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता दुधाचं काय काढलंत?" मी म्हटलं, शेवटपर्यंत बसा, तत्त्वज्ञानच निघेल. दूध हे निमित्त आहे. खरा प्रश्न असा आहे की आपण एखादी गोष्ट मोजतो तेव्हा नेमकं काय मोजतो, आणि मोजणीतून कोण सुटून जातं.

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना, म्हणजे एफएओ, प्रत्येक देशाचा अन्नाचा ताळेबंद मांडते. दुकानदाराच्या वहीसारखाच तो असतो. एका बाजूला जमा: देशात किती पिकलं, बाहेरून किती आलं, साठ्यातून किती काढलं. दुसऱ्या बाजूला खर्च: बाहेर किती गेलं, माणसांनी किती खाल्लं, बियाण्याला किती गेलं, वाया किती गेलं. त्यातच एक रकाना असतो पशुखाद्याचा. मका, सोयाबीन, बाजरी यांच्यापुढे तो असणार हे आपल्याला समजतं. पण दुधापुढेही तो असतो. दूध, आणि जनावरांचं खाद्य! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हसू आलं. दूध जनावरांकडून येतं, ते जनावरांना कशाला घालायचं?

मग आपलंच हसू आपल्याला ओशाळवाणं वाटतं. कारण दूध मुळात दुसरं काय आहे? गाय दूध देते ते आपल्या चहासाठी नव्हे, वासरासाठी. मराठीत याला फार नेमका शब्द आहे, पान्हा. पान्हा फुटतो तो वासरू ढुशी देतं तेव्हा. म्हणजे पशुखाद्य हा दुधाचा आद्य उपयोग आहे आणि माणसाचं पिणं हा नंतरचा. तरीही ताळेबंदात माणसाचा रकाना मोठा आणि ठळक, वासराचा रकाना कोपऱ्यात. आज मी या कोपऱ्यातल्या रकान्याबद्दल बोलणार आहे.

आधी गोठ्यात जाऊ. गाय व्यायल्यावर पहिले काही दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं त्याला आपण चीक म्हणतो. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून काही प्रमाणात रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. गाई-म्हशींची वार वेगळ्या बांधणीची असते, तिच्यातून ही द्रव्यं पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्या बाबतीत अगदी कोरं असतं. ती शिदोरी त्याला चिकातूनच मिळते, आणि तीसुद्धा वेळेत मिळावी लागते. पहिल्या काही तासांत वासराचं आतडं ही द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेतं. चोवीस तास उलटेपर्यंत ते दार जवळपास बंद होतं. नंतर बादलीभर चीक पाजला तरी तो पोट भरेल, संरक्षण देणार नाही.

आता आपल्याकडे चिकाचं काय होतं? खरवस होतो. मला खरवस अतिशय आवडतो, हे आधीच कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, सर ढोंगी आहेत. गूळ, वेलदोडा, जायफळ घातलेली ती वडी जिभेवर ठेवली की मुक्ती काय असते ते कळतं. आणि वासराला पोटभर पाजून उरलेल्या चिकाचा खरवस खाण्यात काही गैर नाही. व्यायलेली गाय अनेकदा वासराला लागतो त्याहून जास्त चीक देते. प्रश्न क्रमाचा आहे. आधी कोण?

चिकानंतरचे दोन-अडीच महिने वासराला साधारण त्याच्या वजनाच्या एक दशांश दूध रोज लागतं. तीस किलोचं वासरू असेल तर तीन लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मोजणीकडे येतो. एफएओची दुधाच्या उत्पादनाची व्याख्या अशी आहे की वासराने थेट सडाला तोंड लावून प्यालेलं दूध उत्पादनात धरायचं नाही. पण धार काढून नंतर जनावरांना पाजलेलं दूध मात्र धरायचं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीतही वासरांनी चोखलेलं दूध वगळलेलं असतं. म्हणजे गंमत पाहा. तेच दूध, तीच गाय, तेच वासरू. सडातून सरळ वासराच्या तोंडात गेलं तर ते दूध झालंच नाही. मध्ये चरवीचा मुक्काम करून गेलं तर ते उत्पादन झालं, आणि लगेच पशुखाद्यही झालं.

एक साधं गणित करू. वहीत दाखवण्यापुरते आकडे घेतो. समजा एक गाय दिवसाला दहा लिटर देते.

पहिला गोठा. इथे वासरू गाईला लुचतं आणि दोन लिटर पितं. मालक उरलेलं आठ लिटर काढतो. वहीत उत्पादन आठ, पशुखाद्य शून्य, माणसांसाठी आठ.

दुसरा गोठा. इथे मालक दहाही लिटर काढतो आणि त्यातलं दोन लिटर वासराला बादलीने पाजतो. वहीत उत्पादन दहा, पशुखाद्य दोन, माणसांसाठी आठ.

तिसरा गोठा. इथे मालक दहा लिटर काढतो आणि सगळं डेअरीला घालतो. वासराला काही मिळत नाही. वहीत उत्पादन दहा, पशुखाद्य शून्य, माणसांसाठी दहा.

आता पहिल्याकडून दुसऱ्या गोठ्याकडे जा. प्रत्यक्षात काहीही बदललं नाही. गाय तितकंच देते, वासरू तितकंच पितं, माणसाला तितकंच मिळतं. तरी वहीत उत्पादन पंचवीस टक्क्यांनी वाढलं! आणि पशुखाद्याचा रकाना शून्यावरून दोनवर गेला. एखादा वार्ताहर लिहील, 'जनावरांना दूध पाजण्याचं प्रमाण वाढलं.' ते वाढलेलं नाही. पाजण्याची रीत बदलली आहे.

आणि त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. पहिल्या आणि तिसऱ्या गोठ्याची तुलना करा. दोन्हीकडे पशुखाद्य शून्य. एका शून्याचा अर्थ आहे, वासरू आईजवळ आहे आणि पोटभर पितं. दुसऱ्या शून्याचा अर्थ आहे, वासरू उपाशी आहे. चिन्ह एक, अर्थ परस्परविरुद्ध! तर्कशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगत असे की शून्य म्हणजे 'नाही', पण 'काय नाही' हे शून्य स्वतः सांगत नाही. ते बाहेरून विचारावं लागतं.

आणखी एक सांगतो आणि आकडेशास्त्र संपवतो. अनेक देशांच्या बाबतीत हा पशुखाद्याचा आकडा गोठ्यात जाऊन मोजलेला नसतो. उत्पादनाला एक ठरावीक प्रमाण लावून तो काढलेला असतो. मग उत्पादन वाढलं की पशुखाद्यही त्याच चालीने वाढतं. आलेख सुरेख चढता दिसतो. पण तो वासरांचा आलेख नव्हे, ती उत्पादनाचीच सावली आहे. म्हणून अशा आलेखाकडे पाहताना पहिला प्रश्न विचारायचा, हे मोजलं आहे की मानलं आहे?

या रकान्याचा खराखुरा, मोजलेला इतिहास पाहायचा तर युरोपात जावं लागतं. १८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताव द लावाल याने दुधातून साय झपाट्याने वेगळी काढणारं फिरतं यंत्र आणलं. त्याने दुधाचे दोन भाग पडले. सायीचं लोणी शहरात जाई आणि मोल त्याचंच. खाली उरलेलं सायविरहित दूध कोणाला? डेन्मार्कने याचं उत्तर फार हुशारीने शोधलं. तिथे १८८२ मध्ये शेतकऱ्यांची पहिली सहकारी डेअरी निघाली. शेतकरी दूध घालत, डेअरी लोणी काढी आणि सायविरहित दूध शेतकऱ्याला परत देई. तो ते वासरांना आणि डुकरांना पाजी. त्या डुकरांचं बेकन इंग्लंडला जाई. लोणी आणि बेकन, डेन्मार्कच्या समृद्धीचे हे दोन पाय एकाच बादलीत उभे होते म्हणा ना.

पण सगळ्या गावाचं दूध एकत्र होऊन परत जाऊ लागलं तसा गाईंचा क्षयरोगही घरोघर पोचू लागला. म्हणून १८९८ मध्ये तिथे कायदा झाला, की परत द्यायचं सायविरहित दूध आधी तापवलंच पाहिजे. मला हा कायदा महत्त्वाचा वाटतो. जनावराला काय पाजतो याची जबाबदारी गावाची आहे, हे त्यात मान्य केलेलं आहे.

आता १९७० च्या दशकात येऊ. युरोपीय आर्थिक समुदायाने शेतकऱ्यांना हमी दिली होती, की बाजारात भाव पडला तर लोणी आणि दूध भुकटी आम्ही ठरलेल्या भावाने घेऊ. हेतू चांगला होता. युद्धानंतरची उपासमार त्यांच्या आठवणीत ताजी होती. पण हमी मिळाली तसं दूध वाढत गेलं आणि सरकारी गोदामं भरली. १९७६ साली सायविरहित दुधाच्या भुकटीचा साठा दहा लाख टनांच्या वर गेला. याचं करायचं काय? त्या वर्षीच्या मार्चमध्ये समुदायाने नियम काढला, की पशुखाद्यातल्या प्रथिनांसाठी गोदामातली भुकटी विकत घेणं बंधनकारक. सोयाबीनऐवजी दूध! आणि भाव? ज्या वस्तूच्या जागी ती घालायची तिच्या सुमारे तिप्पट.

पश्चिम जर्मनीतल्या एका कुक्कुटपालकाने हे खाद्य घ्यायला नकार दिला. खाद्य बनवणारा कारखाना कोर्टात गेला आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोचलं. बेला-म्यूले या नावाने तो खटला ओळखला जातो. ५ जुलै १९७७ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं, साठा कमी करायचा हा उद्देश ठीक, पण त्यासाठी इतक्या अवाच्या सवा भावाने खरेदीची सक्ती करणं आवश्यक नव्हतं, आणि तो भार वेगवेगळ्या शेतकऱ्यांवर न्याय्य रीतीने वाटला गेलेला नाही. नियम रद्द. उद्देश आणि साधन यांत प्रमाण हवं, या तत्त्वाचं उदाहरण म्हणून कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला वाचतात. विचार करा, कोंबड्यांना दूध पाजावं की नाही यावरून एवढं मोठं तत्त्व पक्कं झालं!

पुढे १९८४ मध्ये युरोपाने दुधाच्या उत्पादनावरच कोटा घातला. तो २०१५ मध्ये उठला. त्या काळात पशुखाद्यातली दूध भुकटी मागे पडत गेली आणि चीज करताना उरणारं पाणी, आपण ज्याला निवळ म्हणू, त्याची भुकटी वासरांच्या खाद्यात मोठ्या प्रमाणावर आली. वासराला पाजण्याचा पदार्थ कोणता, हे वासराच्या गरजेवरून क्वचितच ठरलं. माणसाकडे त्या वर्षी काय उरलं होतं त्यावरून ते ठरलं.

याचा आपल्याशी संबंध काय? थेट आहे. १९७० मध्ये आपल्याकडे दूध महापूर योजना सुरू झाली, ऑपरेशन फ्लड. तिच्या पहिल्या टप्प्यात जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन दूध भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल भारताला देणगी म्हणून मिळालं. ते युरोपच्या याच जादा साठ्यातलं. ती भुकटी पाण्यात मिसळून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथल्या डेअऱ्यांतून दूध म्हणून विकली गेली. वर्गीज कुरियन यांचा डाव असा, की फुकटचं दूध फुकट वाटायचं नाही. ते विकायचं आणि त्या पैशातून आपल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या करायच्या, नाहीतर ही भुकटी आपल्या दूधधंद्याचा बळी घेईल. म्हणजे एकाच दशकात, एकाच साठ्यातली भुकटी जर्मनीत कोंबड्यांच्या गळी मारली जात होती आणि मुंबईत मुलांच्या पेल्यात येत होती. अन्न आणि पशुखाद्य यांतला फरक वस्तूत नसतो हे यातून दिसतं. तो बाजार आणि सत्ता ठरवतात.

योजना यशस्वी झाली का? दुधाच्या बाबतीत निश्चित झाली. १९७०-७१ मध्ये देशाचं दूध सुमारे २ कोटी २० लाख टन होतं. २०२३-२४ मध्ये ते जवळपास २४ कोटी टन झालं. अकरा पट म्हणा. लहानपणी चहापुरतं दूध मिळवायला रांगेत उभी राहिलेली माझी पिढी या आकड्याला नावं ठेवणार नाही.

पण आता वासराचा रकाना उघडू. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ११ कोटी म्हैसवर्गीय जनावरं होती. त्यांत माद्या सुमारे १० कोटी. नर एक कोटीसुद्धा नाहीत. निसर्गात पारड्या आणि रेडे जवळपास सारखेच जन्मतात. मग बाकीचे गेले कुठे? काही मांसासाठी गेले, हे उघड आहे. पण मोठी संख्या कत्तलखान्यापर्यंतही पोचत नाही. ती पहिल्या काही महिन्यांतच जाते, हगवणीने, जंतांनी, आणि सरळ सांगायचं तर दुधावाचून. केंद्र सरकारला अकराव्या पंचवार्षिक योजनेत रेडकं वाचवून वाढवण्यासाठी वेगळी योजना आखावी लागली, यावरून प्रश्नाचं आकारमान समजा.

शहरांतल्या तबेल्यांनी याची वाट आधीच घालून दिली होती. मुंबईत ताज्या व्यायलेल्या चांगल्या म्हशी लांबून आणायच्या, त्यांची रेडकं जगवायची नाहीत, आणि म्हैस भाकड झाली की ती परत गावी न जाता खाटकाकडे. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली ती शहरातले तबेले बाहेर हलवण्यासाठी. तबेले हलले, हिशेब मात्र हलला नाही.

तो हिशेब काय आहे? मघाचे तीन लिटर आठवा. लिटरला तीस रुपये धरा. रोजचे नव्वद, साठ दिवसांचे पाच हजार चारशे रुपये. कालवड असेल तर ही गुंतवणूक आहे, अडीच-तीन वर्षांनी ती दूध देईल. गोऱ्हा असेल तर? पूर्वी तो बैल होई आणि त्याची किंमत दुधाहून जास्त असे. ट्रॅक्टर आला आणि गोऱ्ह्याची किंमत गेली. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. तो कायदा बरा की वाईट हा आजचा विषय नाही. पण गोठ्यात त्याचा परिणाम असा, की गोऱ्हा विकताही येत नाही आणि पाजायचा म्हटला तर रोज नव्वद रुपये जातात. गाय मारायची नाही हे आपण ठरवलं. वासरू उपाशी ठेवायचं नाही हे मात्र ठरवलेलं नाही.

यात आणखी एक बदल झाला, तो मला सर्वांत बोलका वाटतो. देशी गाय आणि म्हैस सहसा वासरू पुढ्यात असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. त्यामुळे वासराला निदान कामापुरतं जगवावं लागे. ते मेलं तर त्याच्या कातड्यात भुसा भरून ते गाईपुढे ठेवत. अलीकडे पान्ह्यासाठी इंजेक्शनंही टोचली जातात. होल्स्टीन आणि संकरित गाई तर वासराविनाच धार देतात. म्हणजे वासराकडे जी एकमेव सौदाशक्ती होती, 'मी नाही तर पान्हा नाही', तीही गेली. दुबळ्याचा हक्क त्याच्या उपयोगावर टेकलेला असेल, तर उपयोग संपताच हक्क संपतो. हे वासरांपुरतं खरं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

कोणी म्हणेल, पूर्वी सगळं छान होतं. तसंही नाही. कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा, गोध्यक्षाचं प्रकरण. तिथे नियम आहे की पावसाळा, शरद आणि हेमंत या दिवसांत दोन वेळा धार काढावी. शिशिर, वसंत आणि ग्रीष्मात एकच वेळ. त्या दिवसांत दुसऱ्यांदा धार काढील त्याचा अंगठा तोडावा! दंड एवढा कडक आहे, याचा अर्थ लोक तेव्हाही दुसऱ्यांदा पिळत असणार. जे कोणी करतच नाही त्याला कोणी शिक्षा सांगत नाही. त्याच प्रकरणात ताक कुत्र्या-डुकरांना द्यावं आणि दुधाचं उरलेलं पाणी पेंड भिजवायला वापरावं, असंही आहे. पशुखाद्याचा रकाना कौटिल्याच्या वहीत होता म्हणायचा. पण त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती, किती घ्यायचं याची मर्यादा. आपल्या वहीत रकाना उरला आणि मर्यादा गेली.

मग करायचं काय? अंगठे तोडायला नकोत. शेतकऱ्याला दोषी ठरवून आपण घरी जाणं तर फारच सोपं आहे. दूध स्वस्त हवं ते आपल्याला, आणि भाव पडला की पहिली काटछाट होते ती गोठ्यातल्या सर्वांत दुबळ्या तोंडाची. म्हणून मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, दुधाच्या आकड्याशेजारी वासरांच्या मरतुकीचा आकडा छापला जावा. दूध संघ फॅटचं मोजमाप दशांशापर्यंत करतात, मग हे अशक्य नाही. म्हणजे कोणतं शून्य पोटभर आहे आणि कोणतं उपाशी, हे कळेल. दुसरी, नर जन्मण्याचं प्रमाणच कमी करणारं लिंगनिश्चित वीर्य आता मिळू लागलं आहे. जन्माला घालून उपाशी मारण्यापेक्षा ते बरं, फक्त ते लहान शेतकऱ्याला परवडलं पाहिजे. तिसरी, वासराच्या दुधाचा खर्च दुधाच्या भावात धरला जावा. पेंडीचा खर्च धरतो, चाऱ्याचा धरतो, मग वासराच्या तीन लिटरांचा का नाही? लिटरमागे थोडे पैसे वाढतील. ते द्यायची आपली तयारी आहे का, हा प्रश्न माझ्यासकट सगळ्यांना आहे.

आपण दुधाला पूर्णान्न म्हणतो. ते पूर्णान्न आहे ते वासरासाठी. आपण त्यातले वाटेकरी आहोत. वाटेकरी असणं हा गुन्हा नाही, पण मूळ मालकाचं ताट वाढल्याशिवाय वाटेकऱ्याने बसू नये, एवढी रीत आपल्याकडे पंगतीतसुद्धा पाळतात.

तेव्हा जाताना एकच विनंती. यापुढे कोणी तुमच्यापुढे खरवसाची वडी ठेवली तर नाही म्हणू नका. मीही म्हणणार नाही. फक्त वडी उचलण्याआधी विचारा, "वासराला पाजून झालं ना?"